ब्रिटिश कादंबरीतली जॉनरची सरमिसळ – प्रोजेक्टला कुठून हात घालू?

सिडकोची_वाचक
नमस्कार मंडळी, मी नाशिकलाच इंग्लिशमध्ये एमए करतेय, शेवटचं सेमिस्टर, आणि प्रोजेक्टला विषय घेतलाय आजच्या ब्रिटिश कादंबरीत वेगवेगळे जॉनर, म्हणजे कथाप्रकार, एकमेकांत कसे मिसळतात. घेताना भारी वाटला, आता डोकं धरून बसलेय. चार कादंबऱ्या आहेत: इशिगुरोची 'नेव्हर लेट मी गो', डेव्हिड मिचेलची 'क्लाउड अ‍ॅटलस', सारा वॉटर्सची 'द लिटल स्ट्रेंजर' आणि चायना मिएव्हिलची 'द सिटी अँड द सिटी'. कुठल्या पुस्तकात सायन्स फिक्शन, कुठे गॉथिक (जुन्या वाड्यांतली भयकथा), कुठे डिटेक्टिव्ह असा तक्ता करून गाइड मॅडमना दाखवला तर त्या म्हणाल्या, बरं, मग पुढे काय? आता पुढे काय हेच विचारायला इथे आलेय. धारप-मतकरी वाचत मोठी झालेय, त्यामुळे भुताखेतांचं वावडं नाही. आणि प्लीज कुणी मिसळीची उपमा देऊ नका, वर्गात रोज ऐकते.

गंगापूर_रोडवाली
अगं, तक्ता राहू दे तुझ्या वहीत, पण प्रश्न बदल. लेखकाने हा जॉनर घेतल्यामुळे त्याला काय लपवता आलं ते बघ. 'लिटल स्ट्रेंजर'च घे ना. दुसऱ्या महायुद्धानंतरचं इंग्लंड, वॉरिकशरमधला मोडकळीला आलेला वाडा, त्यात आयर्स कुटुंब, आणि गोष्ट सांगतोय डॉक्टर फॅरेडे, ज्याची आई कधीकाळी त्याच वाड्यात नोकर होती. लहानपणी एका समारंभाला तो तिथे जातो आणि भिंतीच्या नक्षीतलं प्लॅस्टरचं एक ओकफळ चाकूने उचकटून खिशात घालतो. आवडलं म्हणून. ते पान नीट वाच. भूतकथा म्हणून वाचणारा ते विसरून भूत कधी येतंय त्याची वाट बघत बसतो, आणि वाड्यात खोलीत जळल्याचे डाग दिसोत की आणखी काही, डॉक्टरकडे प्रत्येक वेळी उत्तर तयार, नसा कमकुवत झाल्यात, थकवा आहे, विश्रांती घ्या. म्हणजे भूतकथेत आपण सवयीने ज्या शहाण्या माणसावर भरवसा टाकतो त्याच्याच डोळ्यांनी सगळं बघतोय, आणि त्याला तो वाडा किती हवाय हे आपल्या फार उशिरा लक्षात येतं. गरीब-श्रीमंत वर्गभेदाची चीड भूतकथेच्या आड लपवलीय. इथे टोडोरोव्ह हा समीक्षक लाव, 1970 चं त्याचं फँटास्टिकवरचं पुस्तक. घडतंय ते खरंच अलौकिक की त्याला साधं कारण आहे, या दोहोंमध्ये वाचक जोवर घुटमळतो तोवरच फँटास्टिक, असं तो म्हणतो. वॉटर्स ते घुटमळणं शेवटपर्यंत सुटू देत नाही. शेवट सांगत नाही.

भो_वाचतो_का
ताईंना अनुमोदन. 'नेव्हर लेट मी गो' वाचून आमच्या ग्रुपमधले सगळे सायफायवाले एकच विचारत होते, अवयवांसाठीच वाढवलेली ही क्लोन पोरं पळून का जात नाहीत भो? अरे, कारण ती बोर्डिंग स्कूलच्या गोष्टीतली पोरं आहेत ना! हेल्शम या त्यांच्या शाळेत कुणाची पेन्सिल बॉक्स कुठून आली, कोणती मिस कुणावर खूश, कोण कुणाशी बोलत नाही, यातच ती वाढली, आणि मोठेपणी अवयव काढून घेणार हे त्यांना पुढच्या इयत्तेत जाण्यासारखं वाटतं. बंड करणारा हीरो सायफायने दिला असता, शाळेच्या गोष्टीने शहाणं मूल दिलं. म्हणून ती इतकी अंगावर येते. बाकी मजा बघा, हेच पुस्तक 2005 च्या बुकरच्या शॉर्टलिस्टवर होतं आणि पुढच्या वर्षी आर्थर सी. क्लार्क या सायफायच्या अवॉर्डच्या पण, म्हणजे दोन्ही घरचा पाहुणा. आणि 2015 ला 'द बरीड जायंट' आली तेव्हा इशिगुरो एका मुलाखतीत बोलून गेले की लोक याला फँटसी म्हणतील की काय, तर फँटसी लिहिणाऱ्या उर्सुला ले ग्विन यांनी ब्लॉगवर खरमरीत लिहिलं, मग इशिगुरोंना सांगावं लागलं की बाबा, मी ड्रॅगनच्याच बाजूचा आहे. मिसळणं सगळ्यांना आवडतं, लेबल मात्र नको असतं. आपल्याकडे तरी काय वेगळं, पण निदान 2021 ला नाशिकच्याच साहित्य संमेलनाला विज्ञानकथा लिहिणारे नारळीकर अध्यक्ष होते, तेवढी एक गोष्ट आपण चांगली केली.

शंकेखोर
थोडा वेगळा सूर. 'क्लाउड अ‍ॅटलस'मध्ये मिसळलंय कुठे? सहा गोष्टी आहेत आणि प्रत्येकीचा जॉनर आपापल्या जागी शाबूत आहे, समुद्रप्रवासाची डायरी, 1931 ची पत्रं, अमेरिकन थ्रिलर, म्हाताऱ्या प्रकाशकाची फार्स, कोरियातल्या क्लोनची जबानी आणि जग बुडाल्यानंतरची शेकोटीपाशी सांगितलेली गोष्ट. पहिल्या पाच अर्ध्यावर तुटतात, सहावी सलग, मग उलट्या क्रमाने बाकीच्या पुऱ्या होतात. गंमत ही आहे की प्रत्येक गोष्ट पुढच्या गोष्टीतल्या माणसाच्या हातात पडते. डायरीचं अर्धं पुस्तक संगीतकाराला सापडतं, त्याची पत्रं पत्रकार वाचते, तिची गोष्ट प्रकाशकाकडे हस्तलिखित म्हणून येते, त्याच्यावरचा सिनेमा क्लोन बघते, आणि त्या क्लोनला पुढचे लोक देवी मानतात. एकाचं जगणं दुसऱ्याची करमणूक आणि तिसऱ्याचा धर्म. याला मी शेजारी शेजारी मांडणं म्हणेन. वॉटर्समध्ये दोन जॉनर एकाच वाक्यात असतात, तुला वेगळे काढता येत नाहीत. हा फरक पकडलास तरी एक चॅप्टर होतो. मिएव्हिल सोडून दे, तिथे एकाच जागेवर दोन शहरं आणि पोलीस तपास असं प्रकरण आहे, त्याला वेगळा प्रोजेक्ट लागेल.

सिडकोची_वाचक
बापरे, थँक्यू सगळ्यांना! मिएव्हिलला काढताना जीवावर येतंय पण काढते. मग वॉटर्स आणि मिचेल समोरासमोर आणि इशिगुरो मधे, असं केलं तर चालेल ना? की इशिगुरो पण जास्त होईल, पानं साठच आहेत.

शंकेखोर
साठ पानांत दोन. इशिगुरोला प्रस्तावनेत बसव, तो बुकर-क्लार्कवाला मुद्दा तिथेच शोभेल.

गंगापूर_रोडवाली
मला विचारशील तर मिचेलला काढून इशिगुरो ठेव. निवेदक दोघेही भरवशाचे वाटतात आणि दोघांनाही गोष्ट सांगताना काहीतरी बघायचं नाहीये, तुलना सरळ होते. टोडोरोव्ह माझ्याकडे आहे, समासात पेन्सिलीने लिहून ठेवलंय ते चालवून घे. मेसेज टाकून ये, दुपारी दोन ते चार नको.