गॅस साठवण केंद्राशेजारच्या रहिवाशांनी ‘आधी कोण आले’ याचे उत्तर का द्यावे?

धागालेखक

एलपीजीच्या मोठ्या साठवण केंद्राशेजारी राहणाऱ्यांनी सुरक्षेविषयी काही विचारले की बहुधा त्यांनाच उलट विचारले जाते, की केंद्र आधी आले की तुमची घरे? जमिनीच्या वादात हा प्रश्न रास्त असेल. जिवाच्या सुरक्षिततेचा निवाडा मात्र त्यावर करू नये, असे माझे ठाम मत आहे. मेक्सिको सिटीलगतच्या सान हुआनिको येथे साठवण केंद्र आधीचे होते आणि वस्ती पुढच्या काळात त्याच्या कुंपणाकडे सरकत गेली. १९ नोव्हेंबर १९८४ च्या पहाटे तिथे गळती झाली, एकामागून एक टाक्या फुटल्या आणि सुमारे ५०० माणसे मृत्युमुखी पडली. नंतर येणे हा त्यांचा अपराध ठरवायचा असेल, तर तिथे वस्ती वाढू देणाऱ्यांना काय म्हणायचे, हेही सांगावे लागेल.

हा वायू दाबाखाली द्रवरूपात साठवलेला असतो. बाहेर पडला की त्याचे आकारमान सुमारे अडीचशे पट होते, आणि तो हवेपेक्षा जड असल्यामुळे वर विरून न जाता जमिनीलगत, सखल भागाकडे आणि गटारांत पसरत जातो. फ्रान्समधील फेझँ येथील तेलशुद्धीकरण कारखान्यात ४ जानेवारी १९६६ रोजी प्रोपेनच्या (एलपीजीतील एक घटक वायू) गोल टाकीखालची झडप गोठली आणि उघडीच राहिली. वायूचा ढग कुंपण ओलांडून शेजारच्या महामार्गाकडे पसरला, लगतच्या रस्त्यावरील एका मोटारीमुळे तो पेटला आणि ज्वाळा उलट टाकीपर्यंत आल्या. अशा आगीत आतला द्रव उकळत राहतो, द्रवाच्या पातळीच्या वर असलेला पत्रा तापून मऊ पडतो आणि टाकी फाटते. तिथे हे सुमारे दीड तासाने घडले. एकूण १८ जण गेले आणि त्यांत आग विझवायला आलेले जवानही होते. कुंपणाच्या आतली सुरक्षितता आणि बाहेरची सुरक्षितता असे दोन स्वतंत्र विषय असू शकत नाहीत, ते यासाठी.

प्रतिसाद १ (असहमत)

मी अशा केंद्रांच्या आराखड्याचे काम केलेले आहे, म्हणून काही गोष्टी स्पष्टपणे मांडतो. आपण दिलेली उदाहरणे खरी आहेत, पण त्यांच्यापासूनच हे क्षेत्र शिकले आहे. आज अनेक ठिकाणी टाक्या माती-वाळूच्या ढिगाऱ्याखाली असतात, त्यामुळे बाहेरची आग पत्र्यापर्यंत पोहोचत नाही. झडपा दुरून बंद करता येतात आणि गळती हेरणारे संवेदक असतात. दुसरे असे की केंद्र हलवले म्हणून धोका नाहीसा होत नाही, तो रस्त्यावर येतो. स्पेनमधील लोस अल्फाकेस येथे ११ जुलै १९७८ रोजी प्रोपिलीन या तशाच ज्वलनशील वायूचा एकच टँकर तंबूंच्या छावणीजवळ फुटला आणि २०० हून अधिक लोक दगावले. तिथे शेजारी कोणतेही केंद्र नव्हते. शिवाय आज वस्तीच्या दबावाखाली केंद्र दूर नेले तर काही वर्षांनी नव्या जागेभोवतीही घरे उभी राहणार, आणि हीच चर्चा पुन्हा करावी लागणार. आधी कोण आले हा प्रश्न म्हणूनच पूर्णपणे गैरलागू नाही.

धागालेखक

टँकरचा मुद्दा मान्य आहे, परंतु वस्तीतून जाणारे टँकर याच केंद्राच्या फाटकातून निघतात, तेव्हा तो माझ्या बाजूचाही मुद्दा आहे. केंद्र हलवाच, असे मी म्हटलेले नाही. केंद्र तिथेच राहणार असेल तर शेजाऱ्यांना काय सांगितले जाते, हे मी विचारतो आहे. उपकरणांवरच्या विश्वासाला इंग्लंडमधील बन्सफील्ड इंधन साठवण केंद्राचे उदाहरण पुरेसे आहे. ११ डिसेंबर २००५ रोजी तिथल्या टाकीचा पातळीमापक अडकला होता, अतिभरण थांबवणारा स्वतंत्र स्विचही चालला नाही, आणि पेट्रोल टाकीच्या वरून ओसंडत राहिले. चाळीसहून अधिक लोक जखमी झाले, पण जीव कोणाचा गेला नाही, कारण रविवारची पहाट होती आणि आसपासची कार्यालये रिकामी होती. त्याहून गंभीर बाब अशी की पेट्रोलच्या वाफेच्या ढगाचा इतका मोठा स्फोट तेथील जोखमीच्या गणितात धरलेलाच नव्हता. शक्यता कमी आहे असे आकडे दाखवून सांगणाऱ्याने, त्या आकड्यांत कोणत्या घटना धरल्या आणि कोणत्या वगळल्या, तेही रहिवाशांसमोर मांडले पाहिजे.

प्रतिसाद २ (असहमत, वेगळ्या कारणाने)

मी अशाच एका केंद्राच्या जवळ राहतो आणि तरीही धोक्याचे नकाशे जाहीर करण्याच्या विरोधात आहे. नकाशावर माझे घर लाल पट्ट्यात आले की त्याला गिऱ्हाईक मिळणार नाही, बँक त्यावर कर्ज देताना दहा वेळा विचार करील, आणि आम्ही मात्र तिथेच अडकून पडू. ज्यांना तिथे राहायचे नाही त्यांना आपली मते मांडणे सोपे जाते.

प्रतिसाद ३

वरील भीती खरी आहे आणि तिला बाजूला सारून ही चर्चा पुढे नेता येणार नाही. मात्र माहिती दडवून घराची किंमत टिकवायची, तर पुढचा खरेदीदार अंधारात राहतो. तूलूझ येथे २१ सप्टेंबर २००१ रोजी खत कारखान्यात झालेल्या स्फोटानंतर फ्रान्सने २००३ मध्ये कायदा केला. त्यानुसार धोकादायक कारखान्यांभोवती पट्टे आखले जातात, सर्वाधिक धोक्याच्या भागातील घरे संपादित करता येतात, आणि काही पट्ट्यांतील मालकांना ‘माझे घर विकत घ्या’ अशी मागणी करण्याचा हक्क मिळतो. नकाशासोबत भरपाईची सोय असेल तर आपला आक्षेप बराचसा निवळावा.

आपल्या देशातही घातक रसायनांविषयीच्या १९८९ च्या नियमांत, अपघात झाल्यास ज्यांना झळ पोहोचू शकते अशा बाहेरच्या लोकांना धोक्याचे स्वरूप आणि काय करावे, काय करू नये हे कळवण्याची तरतूद आहे, आणि कुंपणाबाहेरची आपत्कालीन योजना तयार करण्याची जबाबदारी जिल्हा पातळीवर दिलेली आहे. म्हणजे रहिवाशांनी काही नवे मागण्याची गरज नाही, आहे तेच मागावे.

प्रतिसाद १

माहिती द्यावी, याबाबत माझा विरोध नाही. टाक्यांचे नेमके आराखडे जाहीर करणे घातपाताच्या दृष्टीने चुकीचे आहे, एवढे माझे म्हणणे कायम आहे. कोणत्या घरांपर्यंत झळ पोहोचू शकते, हे त्याशिवायही सांगता येते.

धागालेखक

मग आपल्यातला मतभेद बराच कमी झाला. आता सूचनांबद्दल सांगतो, कारण त्या कागदावर असल्या तरी परस्परविरोधी असू शकतात. ज्वलनशील वायूचा ढग सरकत असेल तर गाडी सुरू करायची नाही, विजेचे बटण दाबायचे नाही, आणि वाऱ्याच्या आडव्या दिशेने पायी दूर जायचे. अमोनिया किंवा क्लोरीनसारखा विषारी वायू सुटला असेल तर बहुधा घरातच थांबून दारे-खिडक्या बंद करायच्या असतात. दोन्ही प्रकारचे साठे एकाच परिसरात असतील आणि सायरन मात्र एकच असेल, तर तो ऐकून माणसाने बाहेर पडायचे की आत राहायचे? पुढच्या सराव कवायतीत कामगार आणि अग्निशमन दल यांच्याबरोबर कुंपणालगतच्या घरांतल्या लोकांनाही घ्यावे, आणि या प्रश्नाचे उत्तर त्यांना आधी द्यावे.