'अभिमत' की 'मानीव'?

कळव्याची: उच्च शिक्षण धोरणावर मराठीतून पीएचडीचा प्रबंध लिहितेय. दुसरं प्रकरण गाईड मॅडमकडून परत आलं. 'मानीव विद्यापीठ' (डीम्ड युनिव्हर्सिटी) जिथे जिथे होतं तिथे लाल गोल, आणि समासात एकच शब्द: 'अभिमत!' उद्गारचिन्हासकट. शब्द मी मनाने घडवलेला नाही हो. आमच्या लिफ्टशेजारी महिनाभर सूचना चिकटवलीय, 'मानीव अभिहस्तांतरणाबाबत विशेष सर्वसाधारण सभा', म्हणजे डीम्ड कन्व्हेयन्स, बिल्डरने करून दिली नाही तरी जमीन सोसायटीच्या नावावर करून घेणं. येता-जाता वाचून तो हातात बसला. दोन्हीकडे मूळ शब्द 'डीम्ड'च ना? मग सोसायटीला मानीव आणि विद्यापीठाला अभिमत, हे कसं?

वर्तकनगरचा पेन्शनर: मॅडमचं बरोबर आहे. बातम्या, जाहिराती, प्रवेशाची माहितीपत्रकं, सगळीकडे 'अभिमत'च रुळलंय. नेरूळला, कामोठ्याला अशी विद्यापीठं आहेत. तिथे कुणाला 'मानीव' कुठे म्हणून विचारा, तो उपनिबंधकाच्या कचेरीचा पत्ता देईल.

घोटीव: रुळलंय हे कबूल, पण अर्थाचं काय? अभिमत म्हणजे मत, अभिप्राय, किंवा मग मान्य, पसंत असलेलं. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या १९५६ च्या कायद्यातलं कलम ३ काढून बघा. आयोगाच्या सल्ल्याने केंद्र सरकारने एखादी संस्था तशी जाहीर केली, की ती विद्यापीठच असल्यासारखा तिला हा कायदा लागू होतो. सगळी गोम त्या 'असल्यासारखा'त आहे. पसंतीचा इथे काय संबंध? कोरलेलं ते कोरीव, घडवलेलं ते घडीव, तसं मानलेलं ते मानीव. शब्द मराठी वळणाचा आहे, नेमका आहे. सोसायटीवाल्यांनी तो पळवला एवढाच त्याचा दोष.

वर्तकनगरचा पेन्शनर: मानलेला भाऊ राखीला येतो, सातबाऱ्यावर चढत नाही! विद्यापीठाला 'मानीव' म्हणा, पालकांना वाटेल पदवीही मानलेलीच.

नेरूळचा वकील: काका, नेमकं उलट आहे. मानीव अभिहस्तांतरणात सोसायटी सातबाऱ्यावर चढतेच. बिल्डर जमीन नावावर करून देत नाही, म्हणून तर २००८ च्या दुरुस्तीने ही सोय आली. (आमच्याकडे जमीन सिडकोची, तो गुंता निराळा.) कायद्याने मानलं की त्या कामापुरतं ते खरंच. पण 'त्या कामापुरतं' हे विसरायचं नाही. नोव्हेंबर २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अशा संस्थांच्या नावातल्या 'युनिव्हर्सिटी' शब्दालाच हरकत घेतली होती. त्यामुळे ताई, अभिमत लिहा नाहीतर मानीव, पण दुसऱ्या-तिसऱ्या उल्लेखात ते विशेषण गाळून नुसतं 'विद्यापीठ' लिहू नका. व्हायव्हाला तिथेच पकडतात.

कळव्याची: बाप रे, तिसऱ्या प्रकरणात मी तेच केलंय. आणखी एक. आमच्या बिल्डिंगमध्ये सगळे 'डीम्ड म्हणजे प्रायव्हेट, म्हणजे भरमसाट फी' असंच धरून चालतात. प्रबंधात हे वेगळं कसं काढू?

नेरूळचा वकील: उदाहरणांनी. बंगळूरची भारतीय विज्ञान संस्था १९५८ पासून अभिमत, देवनारची टाटा सामाजिक विज्ञान संस्था १९६४ पासून. ह्यांना कोण शिक्षणसम्राटांचं दुकान म्हणेल? खासगी विद्यापीठ राज्याच्या कायद्याने जन्मतं, अभिमत केंद्राच्या अधिसूचनेने. जन्मदाखलाच वेगळा.

घोटीव: हे वाक्य उचलाच. आणि 'संलग्नित' लिहिलं असेल तर तोही 'इत' उडवा. 'संलग्न' म्हणजेच जोडलेलं, त्याला परत काय जोडायचं? कॉलेजांच्या पाट्यांवर असतं म्हणून प्रबंधात नको.

वर्तकनगरचा पेन्शनर: पाट्यांवरचं बरोबर धरायचं तर ठाण्यात 'शुद्ध शाकाहारी'सुद्धा निम्म्या ठिकाणी 'शुध्द' आहे.

कळव्याची: ठरलं. मजकुरात सगळीकडे 'अभिमत' आणि पहिल्या उल्लेखाला तळटीप: 'अर्थाने मानीव, कायद्याच्या प्रयोजनापुरते विद्यापीठ मानलेले.' मॅडमनी तीही खोडली तर सांगेन. आता पळते. सातची सभा, गणपूर्ती होईना म्हणून सेक्रेटरी काका मजल्या-मजल्यावर बेल वाजवत फिरतायत.