परदेशी मदतीच्या पैशातून बायकांच्या आरोग्याचं खरंच भलं होतं का?

ओवी:
नमस्कार मंडळी. परवा आमच्या बचत गटात आशाताईंनी गर्भपिशवीच्या तोंडाच्या कॅन्सरची तपासणी करून घ्या म्हणून सांगितलं तर एक मावशी म्हणाल्या, बाहेरच्या संस्था पैसे देतात आणि आपल्या बायकांवर प्रयोग करतात. झालं, निम्म्या जणी गप्प. पुढच्या मीटिंगला मला त्यांच्याशी नीट बोलायचंय, नुसतं घाबरू नका म्हणून भागणार नाही. कुठे खरं काम झालं आणि कुठे चुकलं, दोन्ही सांगा. आम्ही धाराशिव जिल्ह्यातल्या.

बालाघाटकर:
ओवीताई, मग तुमच्याच जिल्ह्यापासून सुरुवात करा. १९९९ मध्ये तेव्हाच्या उस्मानाबादमध्ये ३० ते ५९ वयाच्या १ लाख ३१ हजार बायकांचा अभ्यास सुरू झाला, बार्शीचं नर्गिस दत्त कॅन्सर हॉस्पिटल, मुंबईचं टाटा मेमोरियल आणि फ्रान्समधली आयएआरसी म्हणजे डब्ल्यूएचओची (जागतिक आरोग्य संघटनेची) कॅन्सर संस्था असे तिघं मिळून, आणि पैसा गेट्स फाउंडेशनचा. काही गावांत एचपीव्ही टेस्ट म्हणजे हा कॅन्सर करणाऱ्या विषाणूची टेस्ट, काहींत पॅप म्हणजे तिथल्या पेशी काढून बघायची तपासणी, काहींत ॲसिटिक ॲसिड लावून बघायची तपासणी, आणि चौथ्या गटाची तपासणीच नाही. २००९ मध्ये निकाल छापून आला: एचपीव्ही टेस्टच्या गटात या कॅन्सरने ३४ मृत्यू, चौथ्या गटात ६४, आणि दोन्ही गट जवळपास सारख्याच आकाराचे. तेही फक्त एकदा टेस्ट करून! आज डब्ल्यूएचओ सगळ्या देशांना हीच टेस्ट आधी करा म्हणून सांगते, त्यामागे तुमच्याकडच्या बायका आहेत. हे त्यांना कुणीतरी सांगायलाच हवं.

मैत्रेयी:
बरोबर, पण मावशींचं म्हणणं उडवून लावू नका. त्या चौथ्या गटात ३१ हजारांवर बायका होत्या, त्यांना तपासणीशिवाय ठेवलं यावर पुढे डॉक्टरांनीच कडक टीका केली. आणि २००९ चं खम्मम आठवा. पाथ ही अमेरिकन संस्था, आयसीएमआर ही आपल्या केंद्र सरकारची वैद्यकीय संशोधन संस्था आणि राज्य सरकारं यांनी तेव्हाच्या आंध्रातल्या खम्ममला आणि गुजरातेत वडोदऱ्याला शाळकरी मुलींना एचपीव्हीची लस दिली, त्यात वसतिगृहातल्या कितीतरी मुलींच्या फॉर्मवर आईबापाच्या जागी वॉर्डनने सही केली. सात मुली दगावल्या. चौकशीत लसीशी संबंध दिसला नाही, पण संमतीचा घोळ दिसला आणि २०१० मध्ये काम थांबलं. ज्या आईला विचारलंच नाही तिने नंतर विश्वास का ठेवावा? मला या गोष्टीचा अजूनही संताप येतो.

विनया पुणे:
त्या थांबण्याचं पुढे काय झालं तेही सांगते. तेव्हाच आयएआरसीचा याच लसीवरचा दुसरा अभ्यास चालू होता, बार्शी, पुणे, मुंबई ही सेंटरं त्यात होती, त्यातलं लस देणंही मध्येच बंद पडलं आणि जवळपास पाच हजार मुलींना एकच डोस मिळाला. डॉक्टर आणि कार्यकर्त्या मात्र त्या मुलींच्या संपर्कात राहिल्या, दहा वर्षं! एका डोसनेही टिकून राहणाऱ्या इन्फेक्शनपासून ९५ टक्क्यांच्या आसपास संरक्षण मिळतं असं २०२१ मध्ये दिसलं. केनियातल्या अभ्यासातही तसंच दिसलं आणि २०२२ मध्ये डब्ल्यूएचओने एक डोस चालेल म्हटलं. गरीब देशांचा खर्च यामुळे केवढा कमी झाला.

आणि रवांडा. २०११ मध्ये देशभर ही लस देणारा आफ्रिकेतला पहिला देश. सुरुवातीचे डोस मर्क कंपनीने फुकट दिले, नंतर गरीब देशांना लसीसाठी मदत करणाऱ्या 'गावी' (Gavi) या आंतरराष्ट्रीय संस्थेची मदत आली, पण शाळेशाळेत जाणं, शाळा सुटलेल्या मुली गावात शोधून काढणं हे सगळं तिथल्या सरकारने आणि गावच्या आरोग्यसेविकांनी केलं, आणि पहिल्याच वर्षी ९० टक्क्यांच्या वर मुलींना लस मिळाली. माझं मत विचाराल तर पैसा बाहेरचा असला तरी चालेल, पण घरी जाऊन बोलणारं माणूस गावचं पाहिजे.

ओवी:
खूप आभार सगळ्यांचे. खम्ममचंही मी सांगणार, लपवणार नाही. एकच विचारते, ती एचपीव्ही टेस्ट आमच्या सरकारी दवाखान्यात होते का?

मैत्रेयी:
प्राथमिक केंद्रात बहुतेक ॲसिटिक ॲसिडचीच होते गं, ३० वर्षांवरच्या बायकांना, फुकट. जी टेस्ट तुमच्या जिल्ह्यात सिद्ध झाली ती तिथल्याच बायकांना सहज मिळू नये हे मला पटतच नाही, तेव्हा मेडिकल ऑफिसरांना गटाच्या नावाने लेखी अर्ज द्या. तोवर आहे ती तपासणी सोडू नका. आणि जाताना आधी विचारा की काही निघालं तर पुढे कुठे पाठवणार, तिथे उपचार कोण करणार, गाडीभाडं कोण देणार. उत्तर मिळालं की मगच मीटिंगमध्ये तारीख ठरवा.