मदत हवी आहे: 'नेश'ला आपल्या बोलीत काय म्हणाल?

नॉटिंगहॅमशायरच्या खाणकामगारांची एक गोष्ट मराठीत आणतेय आणि 'नेश' या शब्दापाशी गाडी अडलीय. इंग्लंडच्या मिडलंड्सकडचा हा बोलीशब्द. जरा वारा सुटला की ज्याला हुडहुडी भरते तो नेश. म्हणजे आजारी नव्हे, थंडी न सोसणारा. आणि म्हणतात ते चिडवूनच.

मूळ अर्थ पाहून झालाय: जुन्या इंग्रजीतलं 'ह्नेशे', म्हणजे मऊ, कोवळं. गॉथिक या जुन्या जर्मानिक भाषेतही याचं भावंड आहे, 'ह्नास्कुस'. जोसेफ राइट यांचा १८९८ ते १९०५ मधला सहा खंडी बोलीकोशही चाळला. त्यामुळे व्युत्पत्ती नको, प्रतिशब्द हवाय.

'नाजूक' फार गोड वाटतो. 'लेचापेचा'त थंडी नाही. 'गारठलेला' ही त्या वेळची अवस्था झाली, स्वभाव नव्हे. 'कुडकुड्या' मीच बनवला, पण तो बालगीतातला वाटतो (नवऱ्याला मात्र तोच आवडलाय!).

वाक्य खाणीत राबणाऱ्या बापाच्या तोंडी आहे, मुलाला उद्देशून. म्हणून संस्कृत वळणाचा नको, शिवीही नको. वऱ्हाडी, अहिराणी, मालवणी, कुठलाही चालेल, फक्त कुठल्या भागात ऐकलात तेही लिहा. तुमच्याकडे अशा माणसाला एका शब्दात काय म्हणतात?