विद्युत शाखेच्या पदवीत 'वितरण' एका प्रकरणात का उरकायचं?

टेलएंड

विद्युत अभियांत्रिकीच्या चार वर्षांत निर्मितीला भरपूर जागा आहे. औष्णिक, जल आणि अणुकेंद्रांच्या आकृत्या मुलांना पाठ असतात. पारेषणाला, म्हणजे मोठ्या दाबाने वीज दूर नेण्याला, तर दोन-दोन सेमिस्टर मिळतात. वितरणाच्या, म्हणजे ती गावात-घरात पोचवण्याच्या, वाट्याला येतं एक प्रकरण: रेडियल आणि रिंग मेन या जोडणीच्या रचना, व्होल्टेज ड्रॉपची चार गणितं, आणि पुढचा धडा. माझं म्हणणं असं की वितरण हा तिसऱ्या वर्षाला पूर्ण वर्षाचा, सक्तीचा विषय हवा. त्यासाठी पारेषणातला काही भाग ऐच्छिक करावा लागला तरी बेहत्तर.

शेताकडची ६३ केव्हीएची डीपी, म्हणजे वितरणाचा ट्रान्सफॉर्मर, घ्या. खालच्या बाजूला तिचा पूर्ण भाराचा प्रवाह ८४ अँपिअर. तिच्यावर पाच एचपीच्या दहा मोटारी असतील तर चालू असताना साधारण ७५ अँपिअर जातात, म्हणजे कागदावर सगळं ठीक. पण प्रत्येक स्टार्टरला मोटार आपोआप सुरू करणारा ऑटो स्विच बसवलेला असतो, कारण रात्री लाइट कधी येईल याचा भरवसा नाही आणि थंडीत बांधावर जाऊन बटण दाबायची कुणाला हौस नाही. लाइट येते आणि दहाही मोटारी एकाच क्षणी उचलतात. सुरू होताना मोटार सहापट प्रवाह ओढते, म्हणजे हिशेब साडेचारशे अँपिअरवर जातो. व्होल्टेज कोसळतं, मोटारी वेग घेत नाहीत, तो प्रवाह रेंगाळतो. फ्यूजच्या जागी कुणी जाड तार बांधलेली असली की वाइंडिंग जळतं. मग ऐन पाण्याच्या पाळीत आठवडाभर डीपीची वाट बघायची.

मोटारीचा स्टार्टिंग करंट, ट्रान्सफॉर्मरचा इम्पीडन्स (प्रवाहाला होणारा एकूण विरोध), संरक्षण, भाराचं वर्तन, सगळं या एका उदाहरणात आहे. पदवीच्या प्रश्नपत्रिकेत असा प्रश्न मी कधी पाहिला नाही.

स्लॅकबस

मी शिकवतो, आणि हा प्रस्ताव मला मान्य नाही. उदाहरण चांगलं आहे, पण त्यातली एकेक गोष्ट मुलं यंत्रांच्या आणि संरक्षणाच्या विषयात शिकलेली असतात. ती जोडायला सहा महिन्यांची नोकरी पुरते. ग्रिडला धक्का बसला की जनरेटर कसे हेलकावतात हे सांगणारं स्विंग इक्वेशन मात्र नोकरीत कुणी शिकवत नाही.

३० आणि ३१ जुलै २०१२ आठवा. दुसऱ्या दिवशी उत्तर, पूर्व आणि ईशान्य असे तीन ग्रिड एकदम गेले, साठ कोटींहून जास्त लोकांची वीज गेली. दोन्ही दिवशी सुरुवात बीना-ग्वाल्हेर या ४०० केव्ही वाहिनीपासून झाली, आणि त्या वाहिनीवर फॉल्ट (बिघाड) नव्हताच. भार इतका वाढला होता, व्होल्टेज इतकं उतरलं होतं, की डिस्टन्स रिलेला, म्हणजे फॉल्ट किती लांब आहे ते ओळखून वाहिनी तोडणाऱ्या उपकरणाला, तिसऱ्या म्हणजे लांबच्या झोनमध्ये फॉल्ट असल्याचा भास झाला आणि वाहिनी उघडली. व्होल्टेज भागिले प्रवाह म्हणजे रिलेला दिसणारा इम्पीडन्स, हे ज्याच्या हाडात मुरलेलं नाही त्याला ही घटना समजणारच नाही. आणि तुम्ही नेमका तोच भाग ऐच्छिक करायला निघालात.

१२ ऑक्टोबर २०२०ला मुंबई अंधारात गेली तीसुद्धा डीपी जळून नव्हे. कळवा-पडघा पट्ट्यातल्या ४०० केव्ही वाहिन्या गेल्या आणि मुंबईला वेगळं काढून जगवणारं आयलँडिंग त्या दिवशी चाललं नाही. विद्यापीठाने असे प्रश्न समजणारी माणसं घडवायची. मोटारी क्रमाक्रमाने कशा सुरू कराव्यात हे डिप्लोमातही शिकवता येतं.

कोळकेवाडी

स्लॅकबस सरांशी सहमत. ५ एप्रिल २०२०ला रात्री नऊ वाजता देशभर दिवे बंद केले तेव्हा काही मिनिटांत ३१ हजार मेगावॉटच्या आसपास मागणी उतरली आणि नऊ मिनिटांनी परत चढायला लागली. ग्रिड उभा राहिला तो मुख्यतः जलविद्युतच्या जोरावर. कुठलं यंत्र आधी उतरवायचं, किती वेगाने, फ्रिक्वेन्सी किती चढू द्यायची, हे आधी बसून ठरवलं होतं. ठरवणाऱ्यांनी गव्हर्नर (टर्बाइनचा वेग सांभाळणारं यंत्र) आणि ड्रूप (भाराप्रमाणे वेग किती उतरू द्यायचा ते प्रमाण) कॉलेजातच शिकलं होतं.

उपविभाग_ताई

'सहा महिन्यांची नोकरी पुरते' हे वाक्य मला लागलं, म्हणून लिहिते. ते सहा महिने कुणाच्या जिवावर काढायचे?

मी ग्रामीण उपविभागात सहाय्यक अभियंता आहे. पहिल्या दिवसापासून परमिटवर, म्हणजे लाइनवर काम करायच्या परवानगीवर, माझी सही. माझ्या सहीवर विसंबून माणूस पोलवर चढतो. फीडर (सबस्टेशनातून गावाकडे जाणारी लाइन) तिथूनच बंद केला, ब्रेकर बाहेर काढला, की नवीन पदवीधराला वाटतं लाइन मेली. ती मेलेली नसते. कुठल्यातरी लग्नाच्या मंडपात जनरेटर चालू असतो आणि जनरेटर आणि लाइन वेगळे ठेवणारा चेंजओव्हर स्विच नीट बसवलेला नसतो. ते चारशे व्होल्ट डीपीत उलटे शिरले की वरच्या बाजूला ११ हजार होऊन उभे राहतात. लाइनमनला हे माहीत असतं, तो डिस्चार्ज रॉड लावून दोन्ही बाजूंनी अर्थ केल्याशिवाय, म्हणजे तार जमिनीला जोडल्याशिवाय, तारेला हात लावत नाही. एकदा घाईत आमच्याकडच्या एका नव्या अभियंत्याने त्याला विचारलं, "फीडर बंद आहे ना, मग अर्थ कशाला?" लाइनमन काका काही बोलले नाहीत, खाली उतरले आणि रॉड आणायला गेले.

त्या मुलाला ट्रान्सफॉर्मर दोन्ही बाजूंनी चालतो हे येत नव्हतं का? परीक्षेत येत होतं. प्रश्न असा आहे की चार वर्षांत कुणीही त्याला तो ट्रान्सफॉर्मर एका खऱ्या तारेच्या टोकाला, माणसासकट दाखवला नव्हता. हे डिप्लोमावर ढकलून कसं चालेल, सर? सही पदवीवाल्याचीही असते.

टेलएंड

ताई, तुमचा मुद्दा मूळ धाग्यातच यायला हवा इतका महत्त्वाचा आहे.

स्लॅकबस सर, तुमच्या म्हणण्यामागे असं गृहीत आहे की पारेषणाचं शास्त्र खाली उतरवलं की वितरण आपोआप येतं. तसं होत नाही. ४०० केव्ही वाहिनीचा रिअॅक्टन्स (एसी प्रवाहाला चुंबकीय परिणामाने होणारा विरोध) रेझिस्टन्सच्या कितीतरी पट असतो, म्हणून मेगावॉट व्होल्टेजच्या कोनाशी बांधलेले आणि व्हार (रिअॅक्टिव्ह पॉवर) व्होल्टेजच्या मापाशी बांधलेले, असं मानून लोड फ्लो, म्हणजे कुठून किती वीज वाहते याचं गणित, झटपट सुटतो. वीझल या बारीक कंडक्टरच्या ११ केव्ही लाइनवर उलटं असतं, रेझिस्टन्सच रिअॅक्टन्सच्या दुपटीहून जास्त भरतो. वर्गात शिकवलेली, हे दोन वेगळे मानणारी फास्ट डिकपल्ड पद्धत तिथे अडखळते. वरच्या ग्रिडमध्ये तीन फेजवरचा भार सारखा धरून एका फेजचं गणित करता. गावात एका फेजवर निम्मं गावठाण असतं, आणि सिंगल फेजच्या वेळेत कपॅसिटर लावून थ्री फेज मोटारी चालवणारे असतात. न्यूट्रल सुटला की एका घरात दिवा मिणमिणतो आणि शेजारच्या घरातला टीव्ही जळतो.

स्लॅकबस

तुम्ही माझंच म्हणणं मांडताय. असमतोलाचं शास्त्र म्हणजे असमतोल फेजना समतोल संचांत फोडणारे सममित घटक, आणि ते फोर्टेस्क्यूने १९१८ साली मांडलं तेव्हापासून आपण शिकवतोय. डिकपल्ड पद्धत का अडखळते हे कळायला आधी पूर्ण न्यूटन-रॅफसन (लोड फ्लो सोडवायची मूळ पद्धत) हाताने करावं लागतं. म्हणजे वितरण समजायला सिद्धांत जास्त लागतो. मग कात्री सिद्धांतालाच का? वितरण वाढवा, माझी हरकत नाही. परमिट आणि अर्थिंगची प्रात्यक्षिकं सक्तीची करा, ताईंच्या या मागणीवर मी आमच्या बैठकीत स्वतः बोलेन. पण जागा करायचीच तर कुणी वापरत नसलेल्या कालबाह्य गोष्टी काढा. पारेषण आणि स्थिरतेला हात लावू देणार नाही.

राईनकाठ

मी जर्मनीत काम करतो, म्हणून इथलं एक उदाहरण. घरांच्या छतांवर सौर बसायला लागलं तेव्हा नियम होता की फ्रिक्वेन्सी ५०.२ हर्ट्झवर गेली की सौरच्या इन्व्हर्टरने ग्रिडपासून लगेच सुटायचं. मोजकी संयंत्रं असताना हे ठीक होतं. मग ती इतकी वाढली की ५०.२ला सगळी एकदम सुटली तर ग्रिडच कोलमडेल अशी भीती उभी राहिली. शेवटी २०१२ साली सरकारला नियम काढून तीन लाखांच्या आसपास जुन्या संयंत्रांची सेटिंग बदलून घ्यावी लागली.

छतावरची वस्तू, लो टेन्शनला (घरगुती दाबाला) जोडलेली, आणि धोका ४०० केव्हीला. यातला कुठला भाग वितरणाचा आणि कुठला पारेषणाचा? महाराष्ट्रात शेतीचे फीडर सौरवर नेण्याचं काम चालू आहेच. दुपारी ३३/११ सबस्टेशनातून वीज उलटी वर वाहायला लागेल तेव्हा तिथल्या अभियंत्याला दोन्ही यावं लागेल. माझं मत टेलएंड यांच्या बाजूला झुकतं. फक्त पारेषण कमी करण्याच्या मी विरोधात आहे.

तिसरं_वर्ष

मी सध्या हेच शिकतेय. आमच्या वर्गातले निम्म्याहून जास्त जण प्लेसमेंटसाठी कोडिंग करतात. लॅबमध्ये चकतीचा इलेक्ट्रोमेकॅनिकल रिले आहे, आजचा संगणकी न्यूमरिकल रिले फक्त पीपीटीत बघितलाय. तुम्ही सगळे कुठला विषय वाढवायचा यावर भांडताय. मला दोन्ही शिकायचंय, पण आत्ता मुद्दा प्रोजेक्टचा आहे. गाईड म्हणतात आयईईईची ३३ बसची (जोडबिंदूंची) तयार टेस्ट सिस्टिम घे. मला आमच्या गावचा फीडर घ्यायचाय. त्याचा डेटा कुठून मिळतो?

उपविभाग_ताई

कॉलेजचं पत्र घेऊन उपविभागात जा, तोंडी मागू नकोस. तीन गोष्टी माग: फीडरची सिंगल लाइन आकृती, डीपींची यादी क्षमतेसह, आणि सबस्टेशनातल्या लॉगशीटची नक्कल. ऑपरेटर दर तासाला त्यात अँपिअर आणि व्होल्टेज लिहितो. एक महिना उन्हाळ्याचा घे, एक रब्बीचा. आकृती जुनी असते, त्यानंतर कितीतरी डीपी बसलेल्या असतात, म्हणून लाइनमनबरोबर एकदा पूर्ण फीडर पायी फिर आणि कुठे कुठला कंडक्टर आहे ते लिहून घे. टोकाच्या डीपीवर तिन्ही फेजचे अँपिअर वेगवेगळे घ्यायला सांग. टाँग टेस्टर (तार न तोडता प्रवाह मोजणारा चिमटा) त्यांच्याकडे असतो. रीडिंग तेच घेतील, तू लांब उभी राहा.

स्लॅकबस

आणि त्या आकड्यांवर दोन्ही पद्धतींनी लोड फ्लो चालव, न्यूटन-रॅफसन आणि वितरणाच्या लाइनसाठीची बॅकवर्ड-फॉरवर्ड स्वीप. एकदा तिन्ही फेज सारखे धरून, एकदा जसे मोजले तसे. टोकाच्या व्होल्टेजमध्ये किती फरक पडतो ते इथे टाक.