ख्रिस्तात शांती कधी मिळाली? तुमचेही अनुभव लिहा

उशी: काल फोटो काढून घ्यायला जुना फोन चार्जिंगला लावला आणि पहाटे 3:40 ला तो वाजला. 'आई औषध'. तीन वर्षं कपाटात पडलेला फोन, गजर मात्र शाबूत. मग काय झोप.

आई आजारी होती त्या दिवसांत प्रार्थना सुचायचीच नाही, 'देवा' म्हटलं की पुढे नुसता राग. चर्चमधले लोक बायबलमधलं फिलिप्पै 4 पाठवायचे, कशाविषयीही चिंताक्रांत होऊ नका, मला वाटायचं अहो जमत असतं तर झाले असते का. (प्रेषित पौलाने ते पत्र कैदेतून लिहिलंय हे नंतर कळलं, मग जरा कमी राग आला.) एका रात्री डोस देऊन मार्कच्या शुभवर्तमानाचा 4 था अध्याय उघडला, येशू वादळ थांबवतो तो, शंभरदा ऐकलेला. त्यात चक्क एक उशी आहे! येशू नावेच्या मागच्या बाजूला उशीवर झोपलाय. मत्तय, लूक ही शुभवर्तमानंही वादळ सांगतात पण उशी नाही. आणि शिष्य त्याला उठवतात, आम्ही बुडतोय, तुला काहीच नाही का? हे तर माझंच वाक्य. त्याने वादळ थांबवलं त्यापेक्षा तो त्याच नावेत होता आणि झोपू शकत होता, हेच मला लागलं. आईच्या पायाशी डोकं टेकलं ते थेट सात वाजता जाग आली. सहाचा डोस चुकला, आईने झापलं. चार महिन्यांनी ती गेली. पण ती झोप मी विसरत नाही.

रिकामा डबा: 'आई औषध' वाचूनच गलबललं. रात्री लिहिते, पोरगं उठलंय

टॉर्च: माझ्याकडे शांतीच्या आधी गोळ्या आल्या. पॅनिक अटॅक यायचे, एकांनी चर्चच्या दारातच सांगितलं विश्वास कमी पडतोय. दोन वर्षं त्या वाक्याने खाल्ली माझी. मग दुसऱ्या एका पाळकांनी विचारलं, चष्मा लावतोस तेव्हा विश्वास कमी होतो का? डॉक्टरकडे स्वतः सोबत आले. आता गोळीही चालू, स्तोत्रंही. स्तोत्र 88 वाचा कुणी, अंधारातच संपतं, शेवटी आशेची ओळ चिकटवलेली नाही, तरी बायबलमध्ये आहे. म्हणजे नुसतं रडलं तरी ती प्रार्थनाच

अर्धवट: चष्मा 👌 माझा नंबर वाढलाय, साक्ष द्यायला उभा राहू का 😀

शेवटचा बाक: भावाशी जागेवरून अकरा वर्षं बोलणं नव्हतं. प्रभूची प्रार्थना म्हणताना 'ऋण्यांना सोडलं', म्हणजे माफ केलं, त्या ओळीला माझा आवाज बारीक व्हायचा, बायकोने पकडलं. शेवटी फोन केला. तो म्हणाला काय पाहिजे? म्हटलं काही नाही. जागा अजून त्याच्याकडेच आहे. आता ती ओळ एवढ्या जोरात म्हणतो की बायको कोपर मारते

पाहुणा: मी ख्रिश्चन नाही, वाद घालायचा नाहीये, पण ध्यानानेही मन शांत होतं ना, मग फरक काय?

उशी: विचार की दादा. शांत बसणं आमच्यातही आहे. पण माझ्यापुरतं, इथे समोर कुणीतरी असतं, भांडता येतं त्याच्याशी. योहान 14 मध्ये येशू 'माझी शांती तुम्हाला देतो' म्हणतो ते त्याला धरून नेलं त्याच रात्री. सगळं ठीक चाललेल्या माणसाचं बोलणं नाहीये ते.

टॉर्च: आणि दर वेळी जाणवतंच असंही नाही. मदर तेरेसांची पत्रं 2007 मध्ये छापून आली, कित्येक दशकं आत अंधारच, तरी काम चालू. ते कळल्यावर 'जाणवलंच पाहिजे' हा हट्ट सोडला मी.

रिकामा डबा: आले. फार काही नाही. फादरांनी संत इग्नेशियसची पद्धत शिकवली, 16 व्या शतकातली, रात्री आख्खा दिवस देवासमोर परत बघायचा, आभार कुठे, चुकलं कुठे. मी सकाळपासून सुरू करते, दुपारपर्यंत पोचते आणि घोरायला लागते. फादरांना सांगितलं तर हसले नुसते

शेवटचा बाक: दुपारपर्यंत म्हणजे खूप झालं ताई, मी अंघोळीच्या पुढे जात नाही

अर्धवट: विषयांतर, पण तो जुना फोन चार्जिंगला ठेवू नका, बॅटरी फुगते

उशी: फुगलीच आहे, मागचं झाकण उचललंय. फोटो घेतले. गजर काढवत नाहीये.

अर्धवट: गजर राहू द्या ताई, पण आधी वायर काढा