ग्लेशियरला अस्वलांसाठी काय न्यावं? स्प्रे, पिस्तूल की घुंगरू?

सह्यवेडा:
ऑगस्टमध्ये अमेरिकेत मोंटानातल्या ग्लेशियर नॅशनल पार्कला चाललोय. मी, बायको आणि आईबाबा (चंद्रपूरहून आलेत, चालण्यात आमच्यापेक्षा दणकट). आइसबर्ग लेकचा ट्रेल ठरलाय. ऑफिसातला एक जण म्हणतो, पिस्तूल घे. दुसरा म्हणतो, सॅकला घुंगरू बांध, पुरे. सह्याद्रीत माकडांपलीकडे कुणाशी गाठ पडली नाही, त्यामुळे या विषयात मी ढ. एच-१बीवर (नोकरीच्या व्हिसावर) आहे, हेही सांगून ठेवतो.

पाणवठा:
मग पिस्तुलाचा विषय इथेच मिटला. शिकारीच्या परवान्यासारखे अपवाद सोडले तर एच-१बीवाल्याने बंदूक जवळ बाळगणं हाच केंद्रीय कायद्याने गुन्हा आहे. अस्वलाआधी व्हिसा जायचा.

बोझमनकर:
नऊ वर्षं मोंटानात काढली. डोळे झाकून स्प्रे घे, म्हणजे अस्वलावर मारायचा तिखटाचा फवारा. पण कुठला, यापेक्षा तो कुठे लटकवणार ते आधी ठरव.

आमचं सांगतो. तुझाच ट्रेल. मी पुढे, बायको मागे, गप्पा संपलेल्या. वळणावर ग्रिझली (तिथलं तपकिरी अस्वल) मादी, मागे दोन पिल्लं. मध्ये दोन एसट्या उभ्या राहतील एवढंच अंतर. स्प्रे होता, पण सॅकच्या बाजूच्या खिशात, रेनकोटखाली. हात मागे नेला तर हाताला लागली पाण्याची बाटली! दुसऱ्यांदा चाचपलं, परत बाटलीच. तेवढ्यात मादीने हवेत नाक वर केलं, फुरफुरली आणि पिल्लांना घेऊन उतारावरच्या झाडीत शिरली. आम्ही वाचलो ते तिच्या मर्जीने.

तेव्हापासून डबा कमरेच्या पट्ट्याला, समोर. प्रत्येकाचा वेगळा. सरावासाठी तिखट नसलेला डबाही मिळतो, तो घेऊन अंगणात चार वेळा त्याची सेफ्टी क्लिप काढून बघ. घाबरलेल्या अंगठ्याला ती नारिंगी क्लिप सापडत नाही. फवारा जेमतेम ८-१० मीटर जातो आणि सात-आठ सेकंदांत डबा रिकामा. म्हणून अस्वल अंगावर यायला लागलं की त्याच्या पुढ्यात, जरा खाली धरून ढग उभा करायचा. वारा आपल्याकडे असेल तर थोडं आपल्यालाही भोगावं लागतं.

आणि हो, तो ओडोमॉससारखा कपड्यांना, तंबूला फासू नका. हसू नका, माणसं फासतात. वाळलेल्या तिखटाच्या वासाने उलट अस्वल हुंगायला येतं.

बंदुकीबद्दल आकडे हवे असतील तर टॉम स्मिथ आणि स्टीफन हेरेरो या अस्वल-संशोधकांचं काम बघ. अलास्कातल्या १९८५ ते २००६ च्या घटनांत तपकिरी अस्वलांवर स्प्रे ९२ टक्के वेळा लागू पडला. २०१२ मध्ये बंदुकांचं पाहिलं, तर झाडणारे आणि न झाडणारे यांच्या दुखापतींत फरकच दिसला नाही. धावत्या अस्वलावर नेम धरणं गंमत नाही.

स्प्रे विमानात चालत नाही, चेक-इन बॅगेतही नाही. पार्कजवळच्या कॅलिस्पेल विमानतळाला उतरून घ्या, भाड्यानेही मिळतो. आणि उन्हात गाडीत ठेवू नका, फुटतो.

सह्यवेडा:
बाबांना वाचून दाखवलं. म्हणाले, मोहाच्या दिवसांत आमच्याकडे पहाटे एकटं कुणी जात नाही, वळण आलं की हाळी द्यायची. घुंगरू ऐकून ते हसलेच.

बोझमनकर:
बाबांना पुढे चालवा. घुंगराचा काही उपयोग नाही, माणसाचा आवाज लागतो. तिथे ऑगस्टमध्ये हकलबेरी (झुडपावरची रानफळं) पिकलेल्या असतात, अस्वल झुडपात डोकं घालून खात असतं. शेवटी गाठ पडलीच तर पळू नका. ग्रिझलीने खाली पाडलंच तर पालथं पडून मानेवर हात, सॅक पाठीवरच. काळं अस्वल अंगावर आलं तर मात्र मार द्यायचा.

सह्यवेडा:
तीन डबे की चार? आणि आई विचारतेय, बेसनाचे लाडू नेले तर चालतील का?

बोझमनकर:
चार. लाडू चालतील, पण सॅक खाली ठेवून फोटो काढायला कुणी लांब जायचं नाही. उरले तर मला कळवा.